अक्काच्या बंबाचा धूर

सांगली,
संक्रांत उलटल्यावरचा तिसरा मंगळवार

ती. चंदनबाला अक्का,

जय जिनेंद्र. तुझ्या दोन्ही पायांवर इथूनच डोकं ठेवतो. उजव्यावर जरा हलकेच. इकडं सगळी खुशाली आहे. भाग्यश्री मजेत आहे (ती माझी बायको असली तरी तू समोर आलीस की तुझ्या पक्षात जाते, त्यामुळं तिची खुशाली तुला माझ्याआधी कळलेली असणार). तुझा खोकला, तुझं वाळवण, देवळाच्या पायऱ्या, साताऱ्याचा तुझा लेक आर्जव आणि त्याची मुलं, शेजारच्या लीलाबाई, सगळी ठीक असतील असं धरून चालतो. गुडघ्याची चौकशी करत नाही. मागच्या खेपेला केली तेव्हा "गुडघा माझा हाय, तुझा न्हाई" म्हणून तू फोन ठेवलास, आणि तो ठेवताना खालीच पाडलास. म्हणून हे पत्र. फोन मधेच ठेवला की विषय संपतो. पत्र मधेच ठेवलं तर माणूस पुन्हा उचलतो, कारण पुढं काय झालं ही खाज प्रत्येकाला असते, आणि तुला ती अंमळ जास्त आहे.

हे पत्र तू लीलाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवणार हे मी धरूनच लिहितोय, म्हणून त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. लीलाबाई, आमची आई गेली तेव्हा मला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती आणि अक्का स्वतःच परकरात होती. मला आंघोळ घालून, भांग पाडून शाळेकडं हाकलायचं काम तिच्याकडं आलं, ते लग्न होऊन ती तुमच्या वडूजला येईपर्यंत तिच्याकडंच राहिलं. पुढं मी मोटरी भरायच्या दुकानात झाडू मारायला लागलो (विहिरीवरची मोटर जळली की आतली तार नव्यानं गुंडाळतात, त्याला आम्ही मोटर भरणं म्हणतो), आणि आज त्याच रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान आहे. ह्यात डोकं थोडं आणि कान जास्त. शेतकरी लांबून फोन करतो. मी म्हणतो, तू बोलू नको, फोन मोटरीजवळ धर. ऐकतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय, किंवा खालनं हवा ओढतीय. हा कान मला कुणी दिला ते पुढं येईल. तर ह्या अक्काचा उजवा गुडघा बदलायला हवा असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. मिरज आमच्या घरापासून हाकेवर. ऑपरेशन तिथं, मुक्काम आमच्याकडं, नंतर पाय वाकवून घ्यायला रोज एक मुलगी घरी येणार, सगळं जुळलं. आणि अक्का नाही म्हणाली. कारण काय, तर सांगलीत तिची आंघोळ होत नाही.

आता तू कपाळाला आठ्या घालशील, पण खोटं आहे का सांग. फडक्यातनं गाळलेलं पाणी, तांब्याच्या भांड्यात, विस्तवावर तापवलेलं. त्या आंघोळीशिवाय देऊळ नाही आणि देवळाशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, हा तुझा जन्माचा नेम. आमच्याकडं गिझर. मागं राहायला आली होतीस तेव्हा बाथरूमच्या तोटीला फडकं बांधून गार पाण्यानं आंघोळ करत होतीस आणि भाग्यश्रीला आतनं सांगत होतीस, "झकास कोमट हाय गं." तुझे दात वाजलेले मला हॉलमध्ये ऐकू येत होते. त्यानंतर जो खोकला घेऊन गेलीस तो अजून तुझ्याकडं मुक्कामाला आहे. तेव्हाच मी ठरवलं होतं, की अक्काला गुडघ्यासाठी आणायचं तर गुडघ्याचं नावच काढायचं नाही. आधी आंघोळीची सोय करायची.

आपल्या आष्ट्याच्या घरातला बंब तुला आठवत असेलच. घर गेलं तेव्हा मी एवढी एकच वस्तू उचलून आणली होती आणि ती दुकानाच्या माळ्यावर जुनी बेअरिंगं ठेवायला वापरत होतो. तो खाली काढला आणि तांबटाकडं नेला. तांबटानं विचारलं, शोभेला का वापराला? मी म्हटलं, वापराला. तो हातातलं काम ठेवून माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या दुकानात बंबांची रांग होती, पण सगळे हॉटेलवाल्यांचे. त्यात झाडं लावायची असतात म्हणून बुडाला भोक पाडून द्यायचं. बुडाचं भोक बुजवून मागणारं गिऱ्हाईक त्याला किती तरी वर्षांनी भेटलं होतं. त्यानं बुडाला डाग दिला, आतनं कल्हई केली, चिंचेनं घासून असा काही लखलखीत केला की रिक्षातनं घरी आणताना चौकातल्या दोघांनी लग्न कुणाचं म्हणून विचारलं. मागच्या अंगणात, पारिजातकाच्या बाजूला, चार विटा मांडून मी त्याची स्थापना केली.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता सरपण. शेणी, तुराट्या आणि नारळाच्या शेंड्या असा माल मी टेम्पोतनं मागवला. पण तुझ्या हाताखाली तयार झालेली भाग्यश्री. तिनं पहिले चार दिवस काडी लावूच दिली नाही. प्रत्येक गोवरी उन्हात मांडायची, उलटी करून ठोकायची, पिसाच्या झाडणीनं झाडायची, तुराटी आपटायची, आणि आतनं जे काही निघेल, मुंग्या, वाळवी, गोमेचं पिल्लू, आणखी एक लांब मिशांचा इसम, त्या सगळ्यांना सुपात घेऊन सुखरूप ठिकाणी पोचवायची. आमचं अंगण फरशीचं. तिथं बिचाऱ्यांनी जायचं कुठं? म्हणून ती सूप घेऊन कुंपणाच्या भिंतीशी जायची आणि पलीकडच्या ओल्या मातीत, जास्वंदीच्या बुंध्याशी, हळूच रिकामं करायची. (ही गोष्ट लक्षात ठेव. मीही तेव्हा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, काय दयाळू बाई आपल्याला मिळाली.)

भिंतीपलीकडं लालासाहेब राहतात. मूळचे मेढ्याचे, फौजेतनं सुभेदार होऊन निवृत्त झालेले, छाती अजून परेडवर. बायको मनुबाई, शांत आणि गोड. लालासाहेब आमच्या कॉलनीच्या स्वच्छता समितीचे प्रमुख आहेत, म्हणजे समितीत दुसरं कुणी नाही. माणूस सरळ. आमचं पंधरा-वीस वर्षांचं सख्य. त्यांच्या बोअरची मोटर मीच भरून देतो आणि त्यांच्या डोंगरातल्या तांदळाचं पोतं दर साली आमच्याकडं येतं.

तर अक्का, सगळे जीव स्थलांतरित झाल्यावर सकाळी मी बंब पेटवला. पाणी दोन घड्यांच्या फडक्यातनं गाळून भरलं होतं, खाली शेणी रचल्या होत्या, वर तुराट्या. पण मी एक विसरलो. आपल्या लहानपणी बंब रोज पेटायचा, त्याची नळी कायम कोरडी. हा बंब इतकी वर्षं बेअरिंगं सांभाळत बसलेला. त्यांचं ग्रीस नळीत मुरलेलं. आधी एक पांढरी रेघ निघाली. मग ती करडी झाली. मग नळीतनं जे बाहेर आलं त्याला धूर म्हणणं म्हणजे कृष्णेच्या पुराला ओल म्हणण्यासारखं आहे. तो वर जाईना, आडवा पसरला, आमच्या अंगणातनं उठून एकेका गॅलरीत डोकावून पुढं निघाला. समोरच्या बाईंनी वाळत घातलेली चादर ओढून घेतली. कुणी तरी आगीचा बंब बोलवा म्हणून ओरडलं, आणि मी वेड्यासारखं उत्तर दिलं, बंबच पेटलाय.

त्या दिवशी कॉलनीच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर एवढे विचार मांडले गेले की पूर्वी व्याख्यानमालेत व्हायचे नाहीत. महापालिकेचा नियम आहे: हद्दीत उघड्यावर कचरा, पालापाचोळा, लाकूड, काही जाळायचं नाही. नाक्यावर फलक आहे, घंटागाडी रोज गाणं झाल्यावर तेच सांगत जाते. मी ते रोज ऐकतो आणि मान डोलावतो, कारण आतापर्यंत तो नियम दुसऱ्यांसाठी होता. ग्रुपवर एकानं माझ्या धुराचा फोटो टाकला. दुसऱ्यानं विचारलं, मग होळीचं काय? तिसऱ्यानं विचारलं, तुळशीपुढची उदबत्ती उघड्यावर धरायची का बंदिस्त? एक काका हुरडा भाजायच्या आगटीबद्दल सविस्तर लिहून गेले आणि शेवटी सगळ्यांना भूक लागली. पण तक्रार मात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी दारात.

उतरली ती एक तरुण मुलगी, स्वप्नाली नावाची, स्वच्छता निरीक्षक. खाकी जॅकेट, तोंडाला रुमाल, हातात मोबाईल. भाग्यश्रीनं तिला आधी तिळगूळ दिला. तिनं तो घेतला आणि तो तोंडात असेपर्यंत कामाचं बोलली नाही, इतकी रीतीची पोर. मग अंगणात येऊन बंबाकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, मॅडम, नियम उघड्यावर न जाळायचा आहे ना? इथं उघडं काय आहे? आग तांब्याच्या पोटात आहे. तिनं बंबाला एक फेरी घातली, वर नळीकडं बघितलं आणि म्हणाली, "काका, आग आत आहे, पण धूर बाहेर आहे. तक्रार धुराची आलीय." अक्का, मी आयुष्यभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केलेला माणूस. ह्या वाक्यावर मी तिला आणखी एक तिळगूळ दिला.

मग तिनं चौकशी सुरू केली, ती मी जशीच्या तशी देतो.

"घरात गिझर नाही का?"

"दोन आहेत."

"मग हे कुणासाठी?"

"अक्काच्या आंघोळीसाठी."

"त्यांना जरा बाहेर बोलवता का?"

"त्या वडूजला असतात."

तिनं मोबाईल खिशात टाकला. "काका, त्या वडूजला आहेत तर पाणी सांगलीत का तापतंय?"

मी म्हटलं, सराव चाललाय. रुमालाच्या आत ती हसली असावी, कारण रुमाल हलला. मग मी तिला तुझा गुडघा, तुझा नेम, तोटीला बांधलेलं फडकं, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि तरी समज द्यायची ती दिलीच; पुन्हा धूर दिसला तर दंड. मला राग आला नाही. ती म्हणाली, गल्लीच्या टोकाला दम्याची एक म्हातारी आहे, काल तिला तुमच्या धुरानं दिवसभर खिडकी उघडता आली नाही. मी त्या म्हातारीचा विचारच केला नव्हता. एका अक्काची आंघोळ व्हावी म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी अक्काचा श्वास कोंडायचा, हे काही तू मला शिकवलेलं नाही. जाताना मी विचारलं, मग मी करू तरी काय? ती म्हणाली, धूर दिसता कामा नये, शेणी-लाकूड-पाला अंगणात जळता कामा नये, बाकी तुमच्या अक्का कशा आंघोळ करतात त्यात महापालिका पडत नाही.

आता माझा धंद्यातला स्वभाव जागा झाला. (पुढचं वाचून रागावू नको, रागावलीस तरी पत्र ठेवू नको.) मी ठरवलं, अक्काला फसवायचं. दुकानातली एक विजेची कॉइल घेतली, बंबाच्या आत न दिसेल अशी बसवली, वायर विटांखालनं नेली. खाली जाळीवर चार शेणी नुसत्या मांडायच्या, थोडी राख पसरायची, म्हणजे तू येऊन बघशील तेव्हा सगळं जागच्या जागी. भाग्यश्रीला हे सांगितल्यावर तिनं त्या चार शेणी उचलून आत ठेवल्या. तरी मी बटण दाबलं. पाणी तापलं, चांगलं तापलं. मी बंबाजवळ पाट घेऊन बसलो आणि बसूनच राहिलो. काही तरी चुकत होतं. बंब गप्प होता.

तुला आठवतं का, थंडीत तू मला बंबाजवळ पाटावर बसवायचीस आणि आत स्वयंपाकाला जायचीस. जाताना सांगायचीस, "बंब बोलाय लागला की मला हाक मार." मी कान लावून बसायचो. आधी काहीच नसायचं. मग लांब कुठं तरी पाऊस पडावा तशी सरसर. मग एकाएकी बारीक आवाजात तो गुणगुणायला लागायचा, मग त्याचा सूर चढायचा, आणि मी ओरडायचो, अक्का, बोलला! तू धावत यायचीस. तेव्हा तू धावायचीस. हात पुसत, परकर एका हातात धरून, उंबरा एका उडीत. लोक मला विचारतात, मोटरीचा आवाज ऐकून रोग ओळखायला कुठं शिकलास? मी काही तरी सांगतो. खरं म्हणजे मी त्या पाटावर शिकलो. तुझ्या धावण्यासाठी कान लावून बसायचो, बंबासाठी नव्हे.

आणि ही कॉइल पाणी पुरेसं तापलं की आपोआप बंद होते. बंब बोलायच्या आतच त्याचं तोंड दाबते. मी कॉइल काढून टाकली. तू येऊन पाण्यात बोट घातलं असतंस, शेणी बघितल्या असत्यास, आणि मग विचारलं असतंस, भरत्या, हा बोलत का न्हाई? मी काय सांगणार होतो?

त्यानंतर बंब आठवडाभर तसाच गार. मला तर वाटायला लागलं होतं की तुझा गुडघा, तुझा हट्ट आणि महापालिकेचा नियम, तिघांचं संगनमत आहे. एका दुपारी मी अंगणात पारिजातकाखाली जेवण उतरायला बसलो होतो. भिंतीपलीकडं लालासाहेब आणि मनुबाईंचं बोलणं चाललं होतं. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. (माझे कान मुद्दाम काहीच करत नाहीत, ते उघडेच असतात.)

मनुबाई म्हणत होत्या, "आवं, जलमभर बिड्या वडल्या तुमी. शेजाऱ्याच्या धुराची तकरार करायला तुमच्या जिवाला काय वाटलं न्हाई?"

"धुराचं काय न्हाई गं," लालासाहेब म्हणाले, "मुंग्या! शेठची बायकू रोज सूप भरून आनती आन् आपल्या जास्वंदीखाली वतती. माज्या डोळ्यांनी बगितलंय. परवा बूट घातला तर आत गोम. पाकिस्तानच्या बार्डरवर बुटात गोम निघाली न्हवती, ती हितं निघाली."

"मग त्यास्नी सांगायचं की सरळ."

"काय सांगू? तुमच्या मुंग्या माघारी न्या म्हनू? ती माउली हात जोडून, पदर सावरून वतती गं, देवाला फुलं वाहिल्यावानी. तिला कुटल्या तोंडानं सांगू? आन् मुंग्यांची तकरार करायला म्हापालिकेत खातं न्हाई. धुराचं हाय. म्हनून धुराची क्येली."

अक्का, मी तोंडात पंचा कोंबून हसलो. आत जाऊन भाग्यश्रीला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. मुंग्यांना घर देण्याच्या भरात दुसऱ्याच्या घरात त्रास दिला म्हणून तिला अपराधी वाटलं, आणि त्याहून जास्त हे, की त्या मुंग्यांचं लालासाहेबांनी पुढं काय केलं असेल. लगेच वाटीत तिळगूळ घेऊन ती पलीकडं गेली. मागोमाग मी. तिनं हात जोडून क्षमा मागितली, लालासाहेब खाडकन उभे राहिले, सलाम ठोकायचेच राहिले होते. "वैनी, आवं काय हे! मी त्येंला मारलं न्हाई, शप्पत. पाठीमागच्या मोकळ्या प्लाटवर न्हिऊन सोडलं, खराट्यानं, एकेक करून. कंबार मोडली माजी." तेव्हा कुठं भाग्यश्री बसली. मग त्यांनी विचारलं, पण ह्या बंबाचं यवडं काय लावलंय तुमी? आणि मी पुन्हा तुझी गोष्ट सांगितली. तुझ्या गुडघ्याची गोष्ट सांगलीत आता इतक्यांना माहीत आहे की तू आलीस तर लोक पायाकडं बघूनच ओळखतील.

सगळं ऐकून लालासाहेब माळ्यावर चढले आणि त्यांच्या गावच्या जत्रेच्या जेवणासाठी घेतलेली मोठी गॅसची शेगडी खाली घेऊन आले. "शेठ, तुमी मोटरीचं डाक्टर. ही आतनं बसती का बगा." मी बघितलं. जाळी काढली, शेगडीचे पाय कापले, बर्नर नळीच्या बरोबर खाली येईल असा बसवला, नळीतलं ग्रीस सोड्यानं धुऊन काढलं. सिलिंडर लांब, उघड्या हवेत, सगळं नीट. लालासाहेबांनी काडी ओढली. निळी ज्योत आत गेली. नळीवर हात धरला तर नुसती गरम हवा, धुराची रेघ नाही. मी पाट घेऊन बसलो. भाग्यश्री बसली. मनुबाई भिंतीवरनं वाकून उभ्या. लालासाहेब घड्याळ बघून मोठ्यानं मिनिटं मोजत होते, त्यांना मी हातानं गप्प केलं.

आधी काही नाही. मग लांब कुठं तरी सरसर. आणि मग, अक्का, बोलला. तोच सूर. आष्ट्याच्या घरातला. बाकी काही लिहीत नाही, तुला कळेल.

स्वप्नालीला मी स्वतः बोलावून दाखवलं (शेजाऱ्यांच्या तक्रारीची वाट का बघायची). तिनं नळीवर हात धरला, सिलिंडर बघितला, आणखी थोडा लांब ठेवायला सांगितला, तो ठेवला. मग म्हणाली, ठीक आहे काका, धूर नाही, कचरा नाही, माझी काही हरकत नाही. आणि अंगणभर बघून विचारलं, "अक्का कुठायत?" मी म्हटलं, यायच्यात. ती म्हणाली, "अजून सरावच?"

आता तू म्हणशील, गॅसवरचं पाणी मला चालत नाही. म्हणून तुझ्याच शब्दांत तुला पकडतो. मी लहानपणी अंगणातला पाला गोळा करून पेटवायला निघालो होतो तेव्हा तू माझा कान पिरगाळून काय म्हणाली होतीस? ह्या पाल्यात किती संसार असतील, तुझं घर कुणी पेटवलं तर? तू तेव्हा सांगितलेलं आज महापालिका फलक लावून सांगतेय. फरक एवढाच की तिनं कान पिरगाळला नाही. आणि भाग्यश्रीनं तर शोधच लावला आहे: गॅसमध्ये मुंगी नसते. झाडायला नको, सूप नको, जास्वंद नको. अग्नी आहे, तांबं आहे, फडक्यातनं गाळलेलं पाणी आहे आणि एकही जीव जळत नाही. तुझ्या नेमात ह्याहून शुद्ध आंघोळ कुठं लिहिली असेल तर मला दाखव, मी बंब परत बेअरिंगांना देऊन टाकतो.

सावकाश विचार कर. घाई नाही. तुझ्या सवडीनं उत्तर पाठव.

तुझा,
भरतेश

ता.क. सवडीनं म्हटलं ते चुकून लिहिलं गेलं. मिरजेची तारीख मी घेऊन ठेवली आहे. आर्जवलाही कळवलं आहे, तो साताऱ्याहून परस्पर येतो. ह्यात तुझ्या होकाराची जागा मी मोकळी ठेवली आहे, तेवढी भर.

ता.क. २ भाग्यश्री सांगते की मी खरं कारण लिहिलंच नाही. लिहितो. तू फोनवर म्हणतेस, मी बरी हाय, आत्ताच देवळातनं आले. पण लीलाबाई फोन उचलून बाजूला ठेवतात आणि तुला हाक मारतात, तेव्हा तू येताना मला काय ऐकू येतं ते तुला माहीत नाही. आधी काठी टेकल्याचा आवाज यायचा. गेल्या महिन्यापासून काठीचाही येत नाही. फरशीवरनं लुगडं घासत आल्याचा येतो. तू बसून सरकत येतेस, अक्का. आणि देवळाला पायऱ्या आहेत. तू देवळात गेलेली नाहीस. आणि तुझ्या नेमाप्रमाणं देवळाशिवाय तोंडात पाणी नाही, म्हणजे सकाळभर तू कशी राहतेस ह्याचा विचार मी बंबाजवळ बसून करतो. बेअरिंग गेल्याचं मी अनोळखी माणसाच्या फोनवरनं सांगतो. तुझं मला कळणार नाही असं तुला वाटलंच कसं?

ता.क. ३ अक्का, भाग्यश्रीचा नमस्कार. हे रोज सकाळी स्वतःला काम नसताना बंब पेटवतात, तो बोलला की "अक्का" म्हणून हाक मारतात आणि मग इकडंतिकडं बघतात. मला बघवत नाही. तुम्ही या.

ता.क. ४ पाकिटावर तिकीट नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र पोस्टानं आलेलं नाही. लीलाबाईंनी ते मघाशी आत आणून दिलं, आणि त्या मोठ्यानं वाच म्हणून तुझ्यामागं लागल्या त्या माझ्या सांगण्यावरून. मी तुझ्या दाराबाहेर कट्ट्यावर बसलोय, गाडी कोपऱ्यावर उभी आहे, मागच्या सीटवर पाय लांब करून बसता येईल अशी गादी घातली आहे. तुझं वाचणं मला इथं ऐकू येतंय. कुठं हसलीस आणि कुठं थांबलीस, तेही. आता दार उघडायला उठू नको. आहेस तिथंच बस. नुसती हाक मार, ह्या खेपेला मी धावत येतो.